पाठीतून मुतखडा काढताना सुई आत कशी जाते?



भर उन्हात शेतात राबायचे आणि पाणी मात्र कमी प्यायचे, अशाने मुतखड्याचा धोका वाढतो. खडा दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असला की डॉक्टर बहुधा पाठीतून दुर्बीण घालायला सांगतात. मग घरात कुजबूज सुरू होते, "पाठीला भोक पाडणार, पण आतलं दिसणार कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे.

स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी ही पद्धत १९७६ साली प्रसिद्ध केली. त्याआधी असा खडा कूस उघडूनच काढीत. आता पाठीतून सुई मूत्रपिंडाच्या एका कप्प्यात नेतात, सुईतून तार सोडतात, तारेवरून वाट फार तर एक सेंटिमीटरपर्यंत रुंद करतात आणि दुर्बिणीतून पाहत खडा फोडून काढतात. सारी मदार त्या पहिल्या सुईवर. बोअरची जागा चुकली तर पैसे बुडतात. इथे चुकली तर रक्तस्राव होतो, क्वचित आतड्याला किंवा फुप्फुसाच्या आवरणाला इजा होते. म्हणून मोठ्या रक्तवाहिन्या टाळून मागच्या बाजूच्या कप्प्याच्या टोकातून आत शिरतात.

आता दिसण्याचे. सोनोग्राफीत कातडीपासून मूत्रपिंड किती खोल आहे आणि वाटेत यकृत, प्लीहा, आतडे येते का, हे त्याच क्षणी कळते. किरणांचा त्रासही नाही. पण बारीक तार तिच्यात नीट दिसत नाही, आणि कप्पे फुगलेले नसले तर नेम धरणे अवघड. क्ष-किरणांच्या सी-आर्म यंत्राचे उलटे आहे. मूत्रवाहिनीतून औषध वर सोडले की कप्पे उठून दिसतात, तार स्पष्ट दिसते. मात्र चित्र सपाट, खोली समजत नाही, आणि मधले आतडेही धड ओळखू येत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी सुई सोनोग्राफीवर घालतात आणि तार व वाट सी-आर्मवर बघतात. आमच्या मते ही जोडी शहाणपणाची आहे.

सीटी स्कॅन आधीच काढलेला असतो. काहींचे मोठे आतडे मूत्रपिंडाच्या मागे असते, ते त्यातच कळते. अलीकडे तर सीटीचे चित्र चालू सोनोग्राफीवर बसवून दाखवणारी यंत्रेही आली आहेत. पण सीटी उताणे झोपवून काढतात, शस्त्रक्रिया बहुधा पालथे झोपवून करतात. शिवाय श्वासागणिक मूत्रपिंड खालीवर सरकते. त्यामुळे बसवलेले चित्र थोडे हलतेच, आणि शेवटचा भरवसा समोरच्या जिवंत चित्रावर ठेवावा लागतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ताप असेल किंवा दिवस गेले असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. केव्हा थांबवायची ते तेच सांगतील.