सांडपाण्यावरची शेती : खताचा स्रोत की रोगाचा पाट?

पुणे/ प्रतिनिधी

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. पुणे शहराची तहान आणि हवेली, दौंड, इंदापूर तालुक्यांतील शेती या दोहोंची भिस्त याच पाण्यावर आहे. शहर वाढले तसा पिण्याच्या पाण्याचा वाटाही वाढला. त्याची भरपाई म्हणून वर्षाला साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीला देण्याची योजना आखण्यात आली. त्यासाठी मुंढवा येथे नदीकाठी जॅकवेल उभारण्यात आली. तेथून उचललेले पाणी जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजेच ‘बेबी कालव्या’त सोडले जाते. मात्र, नदीत प्रक्रिया न झालेले सांडपाणीही मिसळत असल्याने पाण्याच्या दर्जाबाबत शेतकऱ्यांनी वारंवार तक्रारी केल्या आहेत.

सांडपाण्याचे आकर्षण शेतकऱ्याला नवे नाही. ते बारमाही मिळते आणि त्यातील नत्र, स्फुरद व पालाशामुळे खताचा खर्च वाचतो. पण नत्र प्रमाणाबाहेर गेले की पीक नुसतेच माजते आणि फळधारणा लांबते. सोडियमयुक्त क्षारांमुळे काळ्या जमिनीचा निचरा बिघडतो. कारखान्यांचे पाणी मिसळल्यास कॅडमियमसारखे जड धातू पालेभाज्यांत उतरतात. प्रक्रिया न केलेल्या पाण्यातील जंतांची अंडी आणि रोगजंतूंचा पहिला धोका अनवाणी राबणाऱ्या शेतमजुरांना असतो. त्यानंतर तो भाजी कच्ची खाणाऱ्यांपर्यंत पोहोचतो.

प्रक्रियेनेही सारे प्रश्न सुटत नाहीत. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात गाळ आणि सेंद्रिय घाण मोठ्या प्रमाणात निघते. जंतूंसाठी निर्जंतुकीकरणाचा वेगळा टप्पा लागतो. विरघळलेले क्षार तर पाण्यातच राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या सिंचनासाठी १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य जिवाणूंची मर्यादा एक हजार ठरवली होती. २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र केवळ पाण्याच्या दर्जावर विसंबून न राहता शेतापासून ताटापर्यंत एकामागून एक अडसर उभे करण्यावर भर देण्यात आला. ठिबक सिंचनाने पाणी पानाफळांना लागत नाही. काढणीपूर्वी काही दिवस पाणी तोडल्यास उन्हाने जंतू मरतात. स्वच्छ पाण्याने धुतल्यास भाजीवरील जंतू साधारण दहा पटींनी घटतात, तर शिजवल्यावर जवळजवळ नष्ट होतात. जड धातूंवर मात्र यापैकी एकही उपाय चालत नाही. ते कारखान्याच्या दारातच अडवावे लागतात.

मेथी-कोथिंबिरीऐवजी ऊस किंवा चारा घेणे, पायात गमबूट घालणे हे शेतकऱ्याच्या हातात आहे. पाटात येणारे पाणी शुद्ध करणे त्याच्या हातात नाही. धरणाचे स्वच्छ पाणी ज्या शहराने घेतले, ती जबाबदारीही त्याच शहराची आहे.