काटेरी तारेआडचा चहा

मुलांनो, आपल्या चहाला लागतं काय? पाणी, पत्ती, साखर, दूध आणि असलाच तर आल्याचा तुकडा. उकळला, गाळला, प्यायला की झालं! जपानी लोकांचा 'चानोयू' मात्र असा झटपट उरकत नाही. दूध नाही, साखर नाही. 'माच्चा' नावाची हिरवी चहापूड वाडग्यात घ्यायची, गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या चिमुकल्या रवीने फेस येईपर्यंत घुसळायचं. चहा कडवट, म्हणून पाहुणा आधी गोड खातो. मग शेजारच्याला वाकून म्हणतो, 'तुमच्या आधी घेतो हं!' वाडग्याची देखणी बाजू ओठांना लागू नये म्हणून तो हातात फिरवून घेतो. हे सारं नीट जमायला वर्षं लागतात, बरं का!

पोटापाण्यासाठी हवाई बेटांवर आणि अमेरिकेत गेलेल्या जपान्यांबरोबर ही रीतही गेली. पण डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर हल्ला केला आणि तिथल्या साध्यासुध्या जपानी शेजाऱ्यांवरही संशय आला. कित्येकांनी भीतीपोटी घरातली जपानी पुस्तकं, पत्रं जाळून टाकली. १९४२ पासून, मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, सुमारे १,२०,००० जणांना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं. त्यांतले दोन तृतीयांश तर अमेरिकेचेच नागरिक! तुमच्याएवढी मुलंसुद्धा होती. सामान किती न्यायचं? हातांनी उचलेल तेवढंच.

लाकडी बराकी, एका कुटुंबाला एक खोली, फटींतून येणारी धूळ, जेवणासाठी रांगा. अशा जागी मोठ्या माणसांनी वर्ग सुरू केले. शिवणाचे, फुलं रचण्याचे आणि चहाचेसुद्धा! ज्या जपानीपणापायी कोंडलं, तोच तिथे राजरोस शिकवला जात होता. मला तर हा मोठा धीटपणा वाटतो. दिवसभर रांगेत ताटकळलेल्या माणसाला इथे कुणीतरी वाकून 'तुमच्या आधी' म्हणत होतं.

अमेरिकन सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये. तेव्हा हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देण्याचंही ठरलं.

आणि सेन गेन्शित्सु? चहाच्या उरासेन्के घराण्यातला हा तरुण युद्धात जपानी नौदलाच्या आत्मघाती विमानपथकात होता. उड्डाणाची वेळ आली नाही, म्हणून वाचला. १९५१ मध्ये हवाईला जाऊन तो चहा शिकवू लागला. २०११ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, पर्ल हार्बरला बुडालेल्या 'ॲरिझोना' युद्धनौकेच्या स्मारकावर त्यांनी स्वतःच्या हाताने चहा घुसळला आणि मृतांना अर्पण केला.