सातवे स्थानक

बोरघाटातून खंडाळ्याला चढणारा लोहमार्ग एप्रिल 1863 मध्ये खुला झाला, आणि त्याच वर्षीच्या 10 जानेवारीस लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातील पहिली भुयारी रेल्वे उतारूंची ने-आण करू लागली. हा योग ध्यानी आल्यापासून, लोधिवलीसारख्या घाटाखालच्या गावात जन्म काढलेल्या मला तिकडची भुयारे एकदा डोळ्यांनी पाहावीत अशी ओढ होती. हॅमरस्मिथला मुलीकडे मुक्काम असताना ती पुरी झाली. जायचे होते डॉलिस हिलला, 1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूत. वाटेत बेकर स्ट्रीटला गाडी बदलायची, म्हणून हट्टाने एकटाच निघालो.

दाराशी कार्ड टेकवणे आणि सरकत्या जिन्यावर उजव्या अंगाला उभे राहणे हे आचार पाहता पाहता अंगवळणी पडतात. खरी मदार नकाशावर. विद्युत्मंडलांच्या आकृत्या काढणाऱ्या हॅरी बेक नामक आरेखकाने तो 1931 मध्ये कल्पिला आणि 1933 मध्ये तो लोकांच्या हाती पडला. त्यात मैलांचे प्रमाण नाही, रस्त्यांची वळणे नाहीत. आहेत त्या केवळ रंगीत सरळ रेघा आणि गाडी बदलण्याच्या खुणा. जमिनीखाली गेलेल्या माणसाला अंतरापेक्षा क्रमाची गरज अधिक असते, हे त्या गृहस्थाने नेमके ओळखले होते.

बेकर स्ट्रीटचे 1863 चे फलाट अद्याप वापरात आहेत. पिवळसर विटांची विस्तीर्ण कमान, दोन्ही भिंतींत वरून दिवसाचा उजेड उतरावा म्हणून ठेवलेले तिरकस कोनाडे, आणि जिथे एके काळी वाफेच्या इंजिनांचा धूर कोंदत असे तिथे आज तापलेल्या लोखंडाचा व जुन्या धुळीचा उबट वास. तिथे उभे राहिल्यावर मला बोरघाटातले 25 बोगदे आठवले, आणि ते खोदताना रोगराईने व अपघातांनी दगावलेले, इतिहासाने ज्यांची नावे जपली नाहीत असे हजारो मजूर आठवले.

तेथून खोल खाली जुबिली मार्गाच्या फलाटावर एक पन्नाशीची कर्मचारी बाई उभी होती. अंगात नारिंगी जाकीट, हातात पांढऱ्या चकतीची दांडी. दारे निर्वेध मिटल्याची खातरजमा झाली की ती दांडी उंच करी, आणि मग गाडी हले. समोर गाडी लागली होती, माझे पाऊल उचललेही होते, तोच हातातला कागद पाहून ती म्हणाली, "ही नको. ही विल्सडन ग्रीनला संपते, ते सहावे स्थानक. तुमचे सातवे. मागून स्टॅनमोरची येईल, तिच्यात बसा." गाडीला इशारा देऊन झाल्यावर ती पुन्हा माझ्याकडे वळली, दांडी काखेत धरली आणि दोन्ही हातांची मिळून सात बोटे दाखवली. पाट्या, दिवे, ध्वनिक्षेपक सारे आपापल्या जागी चोख होते. परंतु परमुलुखातला हा म्हातारा नेमका कुठे चुकेल, हे तिलाच आधी कळले.

स्टॅनमोरची गाडी सेंट जॉन्स वुड, स्विस कॉटेज करीत फिंचली रोडच्या सुमारास उजेडात आली. मी बोटांवर मोजत होतो, आणि सातव्याला डॉलिस हिलची पाटी खिडकीशी आली.

आरेपासून कफ परेडपर्यंतची मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये संपूर्ण सुरू झाली. चौक-कर्जतकडची, दवाखान्याला निघालेली एखादी म्हातारी उद्या त्या फलाटावर उभी राहील, तेव्हा तिला केवळ पडद्यावरच्या अक्षरांच्या हवाली करणे मला अन्यायाचे वाटते. बोगदा खणण्याइतकेच परक्याला त्यातून मुक्कामी पोचवणे हेही मोठे काम आहे. म्हणून यंत्रे कितीही बसोत, प्रत्येक फलाटावर 'तुमचे सातवे' असे सांगणारे माणूस पगारी नेमलेले असलेच पाहिजे.