टाकी काढायची म्हणजे किती?

सेम्बावांगला आलेले पाहुणे जुन्या गोदीचं वय हमखास विचारतात. किंग जॉर्ज सहावा गोदी १४ फेब्रुवारी १९३८ रोजी उघडली. चारच वर्षांनी, जपानी सैन्य बेटावर उतरलं तेव्हा, नाविक तळावरच्या तेलटाक्या पेटल्या आणि सिंगापूरचं आभाळ काळं झालं. टाक्या बंद करायची ती रीत कुठल्याच अंदाजपत्रकात बसत नाही!

आता प्रश्न शांततेतला आहे. २०३० पासून इथे निव्वळ पेट्रोलवरच्या नव्या गाड्यांची नोंदणी बंद होणार. हळूहळू पंप कमी होतील. पण जमिनीखालच्या टाक्यांचं काय?

अडीच मीटर व्यासाची, सहा मीटर लांबीची टाकी घ्या. आकारमान साडेएकोणतीस घनमीटर, म्हणजे जवळजवळ तीस हजार लिटर. जागेवरच बुजवायची तर तेवढी वाळू किंवा पातळ काँक्रीट लागेल. उपसायची तर खणाई आणि क्रेन आलीच. भूजल वर असेल तर पाणीही उपसावं लागतं, कारण रिकामी टाकी होडीसारखी वर यायला बघते. त्याआधी तळाचा गाळ काढून वाफ घालवायची. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी. आतल्या वाफेला एक ठिणगी पुरते.

इथपर्यंतचा आकडा कंत्राटदार पाहणी करून सांगतो. फसगत होते ती मातीत. सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाला सव्वाचार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या वर! म्हणून बोअर घेऊन माती-पाणी तपासल्याशिवाय मिळालेल्या कोटेशनला मी अर्धंच कोटेशन म्हणतो. दूषित माती किती खोल गेली, यावर खर्च दुप्पटही होऊ शकतो.

हे सगळं दिवाळी अंकात कशाला? आपल्यापैकी अनेकांची गावाकडे हायवेलगत जमीन आहे, आणि पंपासाठी ती भाड्याने द्यायचा विषय सुट्टीत घरी निघतोच. भारतात पेट्रोल साठवणुकीचा परवाना देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण परवाना वेगळा, भाडेकरार वेगळा. मुदत संपल्यावर टाकी कोण काढणार, माती कोण तपासणार आणि बिघडलेल्या विहिरीचा खर्च कोणाकडे, हे काका-मामांना सही करण्याआधी लिहून घ्यायला सांगा. शक्य असल्यास टाकी बसण्यापूर्वीच्या मातीचा तपासणी अहवालही करारालाच जोडा.