दानिश की डॅनिश? स्पेलिंग एकच, शब्द मात्र दोन. जाणून घ्या अर्थ

मोबाईलवर इंग्रजीत 'डी-ए-एन-आय-एस-एच' दिसलं की कुणी 'दानिश' वाचतं, कुणी 'डॅनिश'. दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

'दानिश' हा फारसी शब्द. अर्थ ज्ञान, शहाणपण. म्हणूनच मुलाचं नाव आवडीने दानिश ठेवतात. संस्कृतातला 'ज्ञा' आणि आपलं 'जाणणे' हेही याच कुळातले. 'नादान' म्हणजे न जाणणारा, 'कदरदान' म्हणजे किंमत जाणणारा. त्यातला 'दान' हाच. दानधर्मातलं 'दान' मात्र वेगळं, ते संस्कृत.

'डॅनिश' म्हणजे युरोपातल्या डेन्मार्क देशाचा. मग तो माणूस असो की भाषा. हे लोक व्यापारासाठी भारतातही आले होते. तमिळनाडूतलं तरंगमबाडी १६२० मध्ये त्यांच्याकडे गेलं. १८४५ मध्ये त्यांनी ते इंग्रजांना विकलं.

त्यामुळे दाखल्यावर किंवा रेशनकार्डावर इंग्रजीवरून मराठी नाव टाकलं असेल, तर ते 'दानिश'च आलंय ना, हे तिथल्या तिथे बघून घ्यावं. एक अक्षर चुकलं तरी दुरुस्तीसाठी तालुक्याला चकरा आल्याच!