स्टेफनचा नेम

जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकायचे काम तुमच्यापैकी पुष्कळांनी केले असेल. गोफण गरगर फिरवायची आणि नेमक्या वेळी दोरी सोडायची. जरा उशीर झाला की दगड भलतीकडेच जातो. हे कुणी पुस्तकातून शिकवीत नाही. हाताला सवय लागते आणि नेम बसत जातो.

पण समजा, हाताला लागलेली सवयच अपुरी असली तर? नेम तर बसतो आहे, पण पुढे या नेमाने भागायचे नाही, असे कुणी जाणत्याने सांगितले तर? बसलेला नेम मोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून शिकायचे, हे मोठे जिवावर येणारे काम. अमेरिकेतल्या एका पोराने ते केले. त्याचे नाव स्टेफन करी. त्याची ही हकीगत.

खेळ कसा आहे?

या खेळाला बास्केटबॉल म्हणतात. बास्केट म्हणजे टोपली. सन १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षक होते. थंडीच्या दिवसांत मुलांना घरात खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या आणि चेंडू टोपलीत टाकायचा, असा खेळ काढला. टोपलीला बूड होते. त्यामुळे दर वेळी चेंडू वरून काढावा लागे! आता टोपलीच्या जागी लोखंडाची कडी असते. तिला खाली उघडी जाळी असते.

दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असतात. त्यांत गार्ड म्हणून जो असतो, तो बहुधा इतरांहून ठेंगणा. चेंडू आपटत आपटत पुढे आणायचा, सोबत्यांना द्यायचा आणि संधी मिळाली की लांबून नेम मारायचा, हे त्याचे काम.

जवळून चेंडू कडीत गेला तर २ गुण मिळतात. ठरलेल्या रेषेच्या बाहेरून गेला तर ३ गुण. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या संघांच्या स्पर्धेला एनबीए म्हणतात. तिथे ही तीन गुणांची रेषा १९७९ साली आली. समोरून ही रेषा कडीपासून २३ फूट ९ इंच लांब असते. आपल्या मापाने जवळजवळ सोळा हात झाले. इतक्या लांबून नेम मारायचा, आणि तोही समोर अडवायला ताडमाड माणूस उभा असताना!

एक हात कडी, वीतभर चेंडू

आता नेमाचे गणित पाहू. हे गणित अवघड नाही.

कडी जमिनीपासून १० फूट उंच असते. तिचे तोंड १८ इंच रुंद, म्हणजे बरोबर एक हात. चेंडू साडेनऊ इंचाच्या आत-बाहेर, म्हणजे वीतभराहून थोडासा मोठा. तुम्ही म्हणाल, हातभर तोंडात वीतभर चेंडू टाकायचा, त्यात काय मोठे?

घरातली एक टोपली घ्या. तिच्यात वरून पाहा. तोंड गोल आणि मोठे दिसेल. आता टोपली डोळ्यांसमोर धरा आणि बाजूने पाहा. तेच तोंड चपटे आणि अरुंद दिसेल. चेंडूचेही तसेच असते. तो वरून उतरला तर त्याला वाट मोठी मिळते. तो सपाट आला तर वाट लहान होते.

घड्याळ डोळ्यांपुढे आणा. काटा ३ वर असला की आडवा असतो. १२ वर असला की उभा असतो. काटा २ वर असताना जेवढा तिरपा असतो, तेवढ्याच उताराने चेंडू आला, तर त्याला वाट ९ इंचांची मिळते. चेंडू त्याहून मोठा आहे. म्हणजे तो कडीला धडकल्याशिवाय आत जायचा नाही. पण काटा १ आणि २ यांच्या मधोमध असताना जेवढा तिरपा असतो, तेवढ्या उताराने आला, तर वाट पावणेतेरा इंचांची होते. आता चेंडू सुखाने आत जाईल.

म्हणून चेंडू उंच कमानीने फेकावा लागतो. त्यासाठी जोर हवा. हा जोर नुसत्या दंडाचा नसतो. गुडघे वाकवून पायांतून तो उचलायचा. कोपर चेंडूच्या खाली धरायचे. शेवटी मनगट पुढे झुकवून बोटांनी चेंडू सोडायचा. मग चेंडू हवेत उलटा फिरत जातो. असा फिरता चेंडू कडीला लागला, तरी जोरात उसळत नाही. पुष्कळदा आतच पडतो.

बापाची कडी

स्टेफनचे वडील डेल करी हे स्वतः नावाजलेले नेमबाज. एनबीएमध्ये ते सोळा हंगाम खेळले. व्हर्जिनिया राज्यातल्या ग्रोटोज नावाच्या लहान गावात ते वाढले. त्यांच्या वडिलांनी घरापाशी एका खांबावर कडी बसवली होती. खाली गुळगुळीत फरशी नव्हती, ओबडधोबड जमीन होती. नेम चुकला की चेंडू कुठेही उडून जाई. मग धावा त्याच्या मागे. त्यामुळे चेंडू सरळ टाकायची सवय आपोआप लागली. डेल याच कडीवर शिकले. पुढे त्यांची मुलेही आजोळी-पणजोळी जावे तशी तिथे जात आणि त्याच कडीवर खेळत.

स्टेफनचा जन्म १४ मार्च १९८८ चा. तो शार्लट शहरात वाढला. नेम चांगला, पण अंगाने किडकिडीत. दंडांत जोर नाही. म्हणून तो चेंडू कमरेपाशी नेई आणि तिथून झोका देऊन वर फेकी. चेंडू कडीत जाई. शाळेतल्या खेळात एवढे पुरे होते.

वडिलांनी मात्र पुढचे पाहिले. शाळेत समोरची पोरे बेताच्या उंचीची. कॉलेजात साडेसहा फुटी गडी अडवायला येणार. चेंडू कमरेपासून वर येईपर्यंत ते हात घालून तो उडवून लावणार. ठेंगण्याला लांबून नेम मारायचा तर चेंडू डोक्यावरून सुटला पाहिजे, आणि तोही झटक्यात सुटला पाहिजे. कॉलेजात खेळायचे असेल तर ही ढब बदलावी लागेल, असे त्यांनी मुलाला सांगितले.

रडकुंडीचा उन्हाळा

ही गोष्ट २००४ च्या उन्हाळी सुट्टीतली. स्टेफन तेव्हा सोळा वर्षांचा होता.

चेंडू डोक्यावर नेला आणि कमरेचा झोका गेला. जोर कमी पडू लागला. चेंडू कडीपर्यंत पोहोचेना. कालपर्यंत ज्याचा नेम सगळ्यांत चांगला, तो आज लहान पोरासारखा चुकू लागला. पहिले काही आठवडे तर त्याला कडीच्या अगदी जवळूनच नेम मारता येत होता. लांबून टाकायचे नावच नको. घरामागच्या अंगणात बाप आणि पोर तेच ते पुन्हा पुन्हा करीत. कधी पोराच्या डोळ्यांत पाणी येई. तो उन्हाळा फार वाईट गेला, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे.

इथे थोडे थांबून विचार करा. हा चुकणारा नेम नव्हता. बसणारा नेम होता! तो मोडायला केवढे धैर्य लागले असेल! जुनी ढब सोडली, आणि नवी अजून हाती आली नाही. असे मधले दिवस फार कठीण असतात. पुष्कळजण याच दिवसांत माघारी फिरतात. स्टेफन फिरला नाही. जवळून नेम बसला की एक पाऊल मागे. तिथून बसला की आणखी एक पाऊल मागे. अशी पावले टाकत टाकत नवा नेम तयार झाला.

मोठ्यांनी नाकारले

आता तरी मोठ्या कॉलेजांनी त्याला बोलवावे की नाही? नाही बोलावले. आईवडील ज्या कॉलेजात शिकले, तिथेही त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. पाहणाऱ्यांनी काय पाहिले? उंची पाहिली, दंड पाहिले, वजन पाहिले. पोर लहानखुरे आहे, टिकायचे नाही, असा हिशेब केला.

शेवटी डेव्हिडसन नावाच्या एका लहान कॉलेजाने त्याला घेतले. तिथले शिक्षक बॉब मॅककिलप. २००६ साली तिथल्या पहिल्याच सामन्यात स्टेफनने तेरा वेळा चेंडू हातचा घालवला. दुसऱ्या कुणी त्याला खाली बसवले असते. मॅककिलप यांनी त्याला पुन्हा खेळवले. पुढच्याच सामन्यात त्याने ३२ गुण केले.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, या लहान कॉलेजाने देशाच्या मोठ्या स्पर्धेत एकामागून एक तीन नामांकित संघांना हरवले. चौथ्या संघाशी ते हरले, पण अवघ्या २ गुणांनी. सारा देश त्या किडकिडीत पोराकडे पाहू लागला.

२००९ मध्ये त्याला एनबीएच्या गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने घेतले. त्याच्या आधी सहाजणांची निवड झाली होती. म्हणजे अजूनही लोकांच्या मनात शंका होतीच.

दुखरा घोटा

शंका खरी ठरते की काय, अशी वेळही आली. त्याचा उजवा घोटा पुन्हा पुन्हा मुरगळू लागला. २०११ मध्ये शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये दुसऱ्यांदा झाली. त्या हंगामात तो फक्त २६ सामने खेळू शकला. आता हा संपला, असे लोक बोलू लागले.

नेमाला पायांचा जोर लागतो, हे आपण वर पाहिलेच. पाय गेले तर नेम कुठला? तेव्हा पुन्हा शिकणे आले. घोट्यावरचा भार कमी व्हावा म्हणून कंबर आणि मांड्या बळकट करायच्या, असे व्यायाम त्याला दिले गेले. धावायची, वळायची, थांबायची ढब त्याने बदलली. एकदा नेम मोडून घडवला होता. आता चाल मोडून घडवली.

मग काय झाले?

२०१२-१३ च्या हंगामात त्याने लांबून २७२ वेळा चेंडू कडीत टाकला. तोपर्यंत एका हंगामात एवढे कुणी केले नव्हते. २०१५-१६ च्या हंगामात हा आकडा ४०२ वर गेला! १४ डिसेंबर २०२१ रोजी त्याने रे अ‍ॅलन यांचा साऱ्या कारकिर्दीचा २,९७३ चा विक्रम मागे टाकला. रे अ‍ॅलन यांना त्यासाठी १,३०० सामने लागले होते. स्टेफनला ७८९ पुरले. १३ मार्च २०२५ रोजी त्याने ४,००० चा आकडा गाठला.

त्याच्या संघाने २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चारदा अजिंक्यपदे मिळवली. २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध त्याने २४ गुण केले. ते सगळे लांबून, ३ गुणांचे आठ नेम मारून! तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता.

खेळही बदलला. पूर्वी जो तो कडीजवळ घुसायला पाहत असे. आता पोरे लांबून नेम मारायला शिकतात.

पुढचे कसे ओळखावे?

खरे ते सांगितले पाहिजे. स्टेफनला घरीच जाणता बाप मिळाला. अंगण मिळाले, चेंडू मिळाला, पोटभर खायला मिळाले. हे सगळ्यांना मिळत नाही. मेहनत केली की प्रत्येक पोर असेच मोठे होईल, असे कुणी म्हणू नये.

पण एक गोष्ट खरी. पाहणाऱ्यांनी पोराचे आजचे अंग पाहिले आणि त्यावरून उद्याचा निकाल दिला. इथेच त्यांची चूक झाली. खोंड घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो. माणसाचे पोर तसे पाहून कळत नाही. चुकले तर ते काय करते, हे पाहावे. सांगितलेले ऐकते का? नव्या वळणात पहिल्यांदा नेम हुकला, तरी टिकून राहते का? आणि त्याला टिकून राहायला आपण वेळ देतो का? हे शेवटचे तर आपल्याच हातात आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे झाले. २००९ मध्ये मोठ्या संघात जाताना स्टेफनचे कॉलेज अर्धवट राहिले होते. मोठ्या खेळाडूच्या अंगरख्याचा आकडा कॉलेजात मानाने टांगून ठेवायची तिकडे रीत आहे. तो आकडा मग दुसऱ्या कुणाला देत नाहीत. पण डेव्हिडसन कॉलेजचा नियम असा, की ज्याने पदवी घेतली त्यालाच हा मान. जगभर नाव झाले तरी नियम तो नियम. स्टेफनने राहिलेला अभ्यास पुरा केला आणि २०२२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, पदवी मिळवली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याचा ३० आकडा तिथे मानाने टांगला गेला.

मोठ्या वयात पाटी-पेन्सिल हाती धरताना बोटे कशी अवघडतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिले अक्षर वाकडे येते. तरी तुम्ही टिकून राहिलात. म्हणून तर हा धडा तुम्ही स्वतः वाचू शकलात.

सांगा पाहू

१. कमरेपासून चेंडू फेकण्यात काय अडचण होती?
२. चेंडू सपाट आला तर कडीत का जात नाही? घरातली टोपली घेऊन दुसऱ्याला समजावून सांगा.
३. तुमच्या हाताला लागलेली एखादी जुनी सवय तुम्ही कधी बदलली आहे का? ती बदलताना काय त्रास झाला?