न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक जीवनात फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग ही त्रयी सुविख्यात होती. तिघेही कायदेपंडित, परंतु वकिली आणि संस्कृत विद्या यांचा संगम तेलंगांच्या ठायी झाला होता.

त्यांचा जन्म मुंबईत 30 ऑगस्ट 1850 रोजी गौड सारस्वत कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात एम. ए. आणि एलएल. बी. झाल्यावर 1872 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत अॅडव्होकेट म्हणून दाखल झाले. हिंदू धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ स्वतः वाचून अर्थ लावण्याची योग्यता हे त्यांच्या वकिलीचे खरे भांडवल होते.

पुरावा तपासल्याविना मत द्यायचे नाही, ही वकिली शिस्त त्यांच्या संशोधनातही दिसते. वाल्मीकीने होमरच्या काव्याचा आधार घेतला असावा, हे जर्मन पंडित वेबर यांचे मत त्यांनी 1873 मध्ये साधार खोडून काढले. भगवद्गीतेचे त्यांचे इंग्रजी गद्य भाषांतर 1882 मध्ये मॅक्स म्युलर संपादित प्राच्य धर्मग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. लेसिंगच्या नाटकाचे ‘शहाणा नेथन’ हे मराठी रूपांतरही त्यांचेच.

1882 च्या हंटर शिक्षण आयोगाचे ते सभासद होते. 1884 मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. त्या काळी सभासद निवडून येत नसत. गव्हर्नर त्यांची नेमणूक करी आणि त्यांना सरकारला प्रश्न विचारण्याचाही हक्क नव्हता. विधेयकाच्या शब्दाशब्दावर बोलणे, एवढेच लोकपक्षाच्या हाती होते. 1885 मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन आणि राष्ट्रीय सभा या दोन्हींच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता.

1889 मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. बाप आपल्या वडिलांशी वा भावांशी एकत्र असताना, त्याच्या संमतीवाचून मुलाला वडिलार्जित मिळकतीची वाटणी मागता येते काय, हा प्रश्न 1891 मध्ये पूर्णपीठापुढे आला. बहुमताने नकार दिला. मिताक्षरेनुसार हा हक्क जन्मसिद्ध असल्याने मुलाला वाटणी मागता येते, असा भिन्न निर्णय तेलंगांनी लिहिला. हिंदू कायद्याच्या अभ्यासकांत तो आजही आदराने वाचला जातो.

सामाजिक सुधारणेचे पुरस्कर्ते असूनही 1893 मध्ये त्यांनी आपल्या मुलीचा विवाह अल्पवयात केला. त्यावरून त्यांच्यावर कठोर टीका झाली. ग्रंथातील सत्यासाठी निर्भयपणे झुंजणारा हा पुरुष घरच्या रूढीपुढे मात्र नमला, हे नमूद करणे चरित्रकाराला भाग आहे.

1892 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. 1 सप्टेंबर 1893 रोजी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. उच्च न्यायालयातील त्यांच्या रिक्त जागी महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली; आणि रानड्यांनी 1900 मध्ये मराठी सत्तेच्या उदयावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या अखेरीस मराठी बखरींवरील तेलंगांचा निबंध जोडला.